तारेवरचा तिसरा कान

गेल्या दिवाळीत माझी भाची केतकी पुण्याहून आली होती. तिकडं ती एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. फराळाला बसल्यावर कुणीतरी तिला विचारलं, की बाई, तू दिवसभर नेमकं करतेस काय? तिनं सांगितलं, की कंपनीचे सगळे कॉम्प्युटर तारांनी एकमेकांना जोडलेले असतात, त्या जाळ्यात बाहेरचं कुणी शिरलंय का ते ती ओळखते, आणि पुन्हा शिरू नये याची तजवीज करते. सगळ्यांनी आदरानं माना हलवल्या. मी म्हणालो, "हेच काम मी सत्तरच्या दशकात सोलापुरात करत होतो."

माझ्या बायकोनं चिवड्याचा डबा माझ्यापुढून उचलून पलीकडं ठेवला. मी गोष्ट सुरू केली की आमच्या घरात डबे हलवतात, कारण बोलण्याच्या भरात आपण किती खाल्लं याचं मला भान राहत नाही. केतकीची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणतो, एवढंच म्हणाली, "सांग. पण योजना कुणाची होती ते नीट सांग."

तर नीट सांगतो.

मी टेलिफोन खात्यात टेस्ट डेस्कवर होतो. हे टेबल एक्स्चेंजमध्ये असतं आणि त्यावर बसलेल्या माणसाला गावातल्या कुठल्याही टेलिफोनची तार जागेवरून तपासता येते. टेलिफोनच्या घंटीमागं एक कंडेन्सर बसवलेला असतो. टेबलावरून तारेला थोडी वीज दिली की समोरच्या मीटरचा काटा एकदा उडी मारतो आणि परत बसतो. एक टेलिफोन असेल तर लहान उडी. त्याच तारेवर कुणी गुपचूप दुसरा जोडला असेल तर मोठी उडी. नुसत्या उडीवरून घरात काय चाललंय ते सांगणारा माणूस, म्हणून माझी मला फार किंमत होती. इतर कुणाला ती असल्याचं आठवत नाही.

तारेत शिरणारे लोक तेव्हा साधे होते. एकदा पुण्याची ट्रंक लाइन, म्हणजे परगावची तार, सारखी घरघर करू लागली. लाइनमन दस्तगीर आणि मी खांब मोजत केम गावापर्यंत गेलो. तिथं एका शेतकऱ्यानं आमच्या तारेवर आकडा टाकून ती आपल्या रेडिओला एरियल म्हणून जोडली होती. रेडिओ फार स्वच्छ वाजत होता. मी त्याला खात्याच्या भाषेत गुन्ह्याचं स्वरूप समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वर बघत म्हणाला, "तार तर रिकामीच हाय की. कवाधरनं बघतोय, काय बी जात न्हाय तिच्यातनं." मग त्यानं आम्हाला गुळाचा चहा दिला आणि आकडा स्वतःच काढून दिला. येताना दस्तगीर म्हणाला, की त्याच्या रेडिओइतकी आपली लाइन एकदा तरी स्वच्छ वाजली पाहिजे. मी ते मनावर घेतलं नाही.

मनावर घ्यावं असं प्रकरण पुढं आलं, ते शुक्रवार पेठेतलं.

शिवलिंगअण्णा तिथले सुताचे व्यापारी. पुढं रस्त्याला लागून पेढी, मागच्या शेडमध्ये स्वतःचे यंत्रमाग. मुंबईत त्यांचा मेव्हणा होता, तो रोज दुपारी ट्रंक कॉल करून सुताचा भाव कळवायचा. अण्णांची तक्रार अशी, की हा भाव ते रिसीव्हर खाली ठेवण्याआधी पेठेत फुटलेला असतो. स्वस्तात माल उचलावा म्हणून ते बाहेर पडले की दुकानदार आधीच भाव चढवून बसलेले. हे एकदा नाही, रोज होत होतं. वास्तविक ते आकडा मुद्दाम कानडीत बोलायचे. म्हणजे ऐकणारा कुणी हुशार, कानडी येणारा आणि तारेवर बसलेला असला पाहिजे. असा माणूस अण्णांच्या मते एकच होता. ट्रंक बोर्डावरची बाई.

ती बाई म्हणजे आमची अक्का.

तेव्हा मुंबईशी बोलायचं तर आधी ट्रंक बोर्डाकडं कॉल नोंदवायचा आणि तासन् तास वाट बघायची. घाई असेल तर 'अर्जंट', आणि त्याहून घाई असेल तर आठपट पैसे मोजून 'लाइटनिंग'. कॉल लागला की ऑपरेटर दोन्हीकडच्या तारा बोर्डावर जोडून देणार, दोघांना एकमेकांचं ऐकू येतंय ना याची खात्री करणार आणि आपली किल्ली, म्हणजे बोर्डावरचा ऐकण्याचा खटका, मागं ओढून बाजूला होणार. नोकरीला लागताना तिनं शपथ घेतलेली असते, की कानावर आलेला शब्द बाहेर जाणार नाही. अक्काला कानडी आमच्या आजोळामुळं उत्तम येत होतं. आजवर तिच्या नोकरीत ते गुण म्हणून धरलं जायचं.

आमचे साहेब नवे होते, पुण्याचे, स्वभावानं सज्जन. त्यांनी अक्काला बोलावून सांगितलं, की बाई, तूर्त तुमची टेंभुर्णीला बदली करावी असं वरून सुचवलं जातंय आणि चौकशीत काही निघालं तर शपथभंगाचा शेरा बसेल. शेरा बसला की नोकरी गेलीच. वडिलांची गिरणीतली नोकरी सुटल्यापासून घर अक्काच्या पगारावर होतं, आणि माझ्याही, पण माझा उल्लेख घरात कंसात व्हायचा.

त्या संध्याकाळी अक्का जेवली नाही. मी टेंभुर्णीचे फायदे सांगू लागलो. हवा चांगली, गाड्या भरपूर. ती म्हणाली, "दिनू, बदलीला मी भीत नाही रे. दिवसभर लोक माझ्या कानात बोलतात. कुणाचं बाळंतपण, कुणाचं भांडण, कुणाचं दिवाळं. ऐकू येतं, पण ऐकायचं नाही, एवढं एकच काम मला येतं. तेच मला येत नाही असं कागदावर लिहिणार आहेत."

मी तिला सांगितलं, काळजी करू नकोस, तारेवरचा तिसरा कान मी शोधून काढतो. या वाक्याचा मला पुढं बराच त्रास झाला.

दुसऱ्याच दिवशी मी अण्णांची लाइन टेबलावर घेतली. काट्यानं मोठी उडी मारली. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. दस्तगीरला पाठवून अण्णांच्या घरासमोरच्या खांबावर लाइन सोडवून घेतली. उडी गायब. परत जोडली, उडी हजर. म्हणजे आगंतुक वस्तू खांबाच्या अलीकडं कुठं नव्हती, अण्णांच्या घरातच होती. साहेबांना घेऊन मी वाजतगाजत म्हणावं तसा पेढीवर गेलो. अण्णांनी आमचं स्वागत केलं, घर तपासायला परवानगी दिली आणि मागच्या माग-शेडकडं जायचं दार तेवढं आपल्या अंगानं झाकून उभे राहिले. देहानं ते भरदार होते, पण दार मोठं होतं.

शेडच्या भिंतीवर, बाहेरच्या अंगाला, शाळेत असावी एवढी एक घंटी बसवलेली होती. मागांच्या खडखडाटात पेढीवरचा टेलिफोन ऐकू येत नाही, म्हणून अण्णांनी कुणाकडून तरी परस्पर जादा घंटी लावून घेतली होती. खात्याला न कळवता. म्हणजे तारेत बेकायदा शिरलेला इसम सापडला होता आणि तो तक्रारदार स्वतःच होता. अण्णा म्हणाले, "घंटीच आहे की हो. तिला काय कान आहे का तोंड आहे?"

हे खरं होतं. घंटी नुसती वाजते, ऐकत नाही. मग मी नियमाप्रमाणं अहवाल दिला: जादा घंटी वगळता लाइन निर्दोष, बाहेरचं कुणीही तारेवर नाही. साहेबांनी तो वाचला आणि माझ्याकडं कणवेनं बघितलं. मला ती कणव जिना उतरताना समजली. तारेवर तिसरा कान नाही असं मी माझ्या सहीनं सिद्ध केलं होतं. मग उरला तो बोर्डावरचा कान. सख्ख्या बहिणीविरुद्ध इतका भक्कम पुरावा खात्यात त्याआधी कुणी दिला नसावा.

अक्कानं माझ्याशी बोलणं सोडलं. ताट मात्र वाढायची. दोन दिवसांनी वाढता वाढताच म्हणाली, "मला बोर्डावरून उठवा आणि साहेबांच्या समोर बसवा. अण्णांच्या मेव्हण्याला एक खोटा भाव सांगायला सांगा. तो फुटला नाही तर चोर मी. फुटला तर बघा कोण ते."

ही ती योजना. मी आजवर ती 'आमची' म्हणून सांगत आलो. आता झालं?

अण्णांना ती एकदम पसंत पडली. चोर त्यांच्या मते ठरलेलाच होता, फक्त पकडायचा राहिला होता. मेव्हण्याला पत्रानं कळवायचं ठरलं, कारण टेलिफोनवर कळवलं असतं तर चोरालाही कळलं असतं. त्या दिवसांत वीस नंबर सुताचा भाव चाळीसच्या खाली रेंगाळत होता. खोटा भाव ठरला पंचेचाळीस. कुणाच्याही भुवया वर जाव्यात असा.

ठरल्या दुपारी अक्का साहेबांच्या खोलीत त्यांच्या टेबलासमोर बसली, दोन्ही हात टेबलावर, कुणी सांगितलं नसताना. बोर्डावर दुसऱ्या बाई. मी टेस्ट डेस्कवर काट्याला डोळा लावून. आणि दस्तगीर अण्णांच्या समोरच्या खांबावर, पट्टा बांधून, तारेला कुणी हात लावतंय का बघायला. आपला तपासणीचा टेलिफोन त्यानं पिशवीतच ठेवायचा, कॉल संपून मी घंटी वाजवीन तेव्हाच जोडायचा, असं बजावलं होतं.

मुंबई लागली. काटा शांत होता. तारेवर दोन माणसं, तिसरं कुणी नाही. मला जरा घाम आला, कारण काटा असाच शांत राहिला आणि भावही फुटला नाही, तर अक्काची टेंभुर्णी पक्की होती.

तेवढ्यात ट्रंक बोर्डावरचे दिवे लागायला लागले. एक, मग बाजूचा, मग एकदम ओळीनं. सगळे कॉल शुक्रवार पेठेतून, सगळे सुताच्या दुकानातून, सगळ्यांना मुंबई हवी आणि सगळ्यांना अर्जंट. एकानं तर लाइटनिंग मागितला, जो सोलापुरात सहसा कुणी मेल्याशिवाय मागत नसे. बोर्डावरच्या बाईंनी त्याला विचारलंच, की घरचं कोण गेलं? तो म्हणाला, "गेलं कुणी नाही हो, पंचेचाळीस झालाय."

अण्णांचा कॉल अजून चालूच होता.

साहेबांनी हे दारातून ऐकलं. अक्काकडं बघितलं. तिचे हात टेबलावरच होते. मग ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. अण्णांचा कॉल संपताच मी घंटी वाजवून दस्तगीरला लाइनवर घेतलं.

तो म्हणाला, "साब, पैंतालीस बोले ना अण्णा?"

मी संतापलो. न सांगता टेलिफोन का जोडलास म्हणून विचारलं.

"अबी जोड्या साब, तुमे बुलाए तब. पैले जोड्याच नै. खंबे पे बैठेला हूँ, सब सुनने में आया. नीचे चायवाला बी पैंतालीसच बोल रा."

नंतर साहेब, अक्का आणि मी असे तिघं पेठेत जाऊन उभे राहिलो तेव्हा सगळा उलगडा झाला, आणि तो इतका साधा होता की मला माझ्या मीटरची लाज वाटली. अण्णांचं आयुष्य मागांच्या आवाजात गेलेलं. त्या आवाजावरून बोलायचं तर पोटातून बोलावं लागतं, आणि तसं तीस वर्षं बोललं की माणूस देवळातही तसंच बोलतो. पण मागांचा आवाज होता तोवर बिघडत नव्हतं. ट्रंक आला की ती शाळेतल्याएवढी घंटी वाजायची, अण्णा धावत पेढीवर यायचे आणि मुंबईचं बारीक बोलणं नीट ऐकू यावं म्हणून आधी सगळे माग बंद करायला लावायचे. क्षणात गल्ली चिडीचूप. माग थांबले म्हणून कामगार समोरच्या टपरीवर चहाला यायचे. त्या शांततेत, रस्त्याकडची खिडकी सताड उघडी ठेवून, अण्णा मेव्हण्यानं सांगितलेला आकडा बरोबर ऐकला ना याची खात्री करायला परत मोठ्यानं म्हणून दाखवायचे: "नलवत्तैदू?" म्हणजे पंचेचाळीस ना? कामगारांच्या घरी तेलुगू, टपरीवाल्याच्या घरी मराठी, पलीकडच्या शिंप्याच्या घरी उर्दू. पण बाजारापुरतं कानडी ज्याला येत नाही असं त्या गल्लीत कुत्रंही नसावं.

आता हे अण्णांना सांगायचं कुणी? साहेबांनी पदाची जबाबदारी घेतली. पेढीवर बसून, पुणेरी सौम्यपणे, ते म्हणाले, की लाइन उत्तम आहे, ऑपरेटर निर्दोष आहेत, फक्त आपला आवाज किंचित, बोलताना, बाहेर जात असावा.

अण्णांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.

"मी? मी कुठं ओरडतो?"

समोरच्या टपरीवरून, रस्त्यापलीकडून, तत्पर उत्तर आलं. टपरीवाला तुकाराम केमकडचा, अण्णांचा जुना हितचिंतक. "न्हाय अण्णा, तुमी कुटं वरडताय. आमास्नी तर काय बी ऐकू येत न्हाय."

अण्णा खिडकीकडं बघत राहिले, मग टपरीकडं, मग अक्काकडं. ती दाराजवळ उभी होती. ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्यांनी नोकराला कॉफी आणायला सांगितली, आणि ती पहिल्यांदा अक्कापुढं ठेवायला लावली. माफीचा शब्द निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार मागं घेतल्याचं कळवलं, त्यात कारण दिलं होतं, 'लाइन आता सुधारली आहे'. खात्यानं ते श्रेय घेतलं. जादा घंटी रीतसर भाडं लावून कायम केली. टेंभुर्णीला दुसऱ्याच कुणाला जावं लागलं, आणि तिथली हवा खरंच चांगली होती असं त्यानं नंतर सांगितलं.

अक्का बोर्डावर परत बसली. तिच्या हातून अण्णांना पहिला कॉल गेला तेव्हा मी मुद्दाम मागं जाऊन उभा राहिलो. तिनं अण्णांचा नंबर घेतला, नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाली, "मुंबई आलीय. खिडकी लावा, अण्णा." आणि किल्लीवर हात ठेवून थांबली. मुंबई ताटकळत होती. मेव्हणा हॅलो हॅलो करत होता. पलीकडून खिडकीची कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हाच तिनं जोडून दिलं आणि बाजूला झाली.

पुढं रोज हेच. सोलापूरच्या टेलिफोन जाळ्यावर बसवलेली ही एकमेव संरक्षणव्यवस्था, आणि तिला खात्याची मंजुरी नव्हती. ती अगदी अभेद्य होती असंही नाही. लावलेल्या खिडकीतूनही कानडी आकड्याचा पहिला भाग बाहेर यायचा, शेवटचा आत राहायचा. म्हणजे भाव तिशीत आहे की चाळिशीत एवढं गल्लीला कळायचं, पण नेमका कुठं ते कळायचं नाही. तेवढ्यावर अण्णांचं भागलं. तुकारामाचं मात्र नुकसान झालं. ऐकण्यासारखं काही उरलं नाही म्हणून दुपारचं गिऱ्हाईक तुटलं. मी दिसलो की तो म्हणायचा, "टेलिफोनवाल्यानं माजं दुकान बसवलं." याचं मला अजून वाईट वाटतं, कारण चहा त्याचा चांगला होता.

मग काही वर्षांनी एसटीडी आली. नंबर फिरवला की थेट मुंबई, मध्ये ऑपरेटर नाही. सोलापुरातल्या व्यापाऱ्यांनी ती आधी घेतली, त्यात अण्णाही होते. ट्रंक बोर्डावरची गर्दी ओसरली. अक्का तोवर सुपरवायझर झाली होती, लग्न झालं होतं, केतकी शाळेत जात होती. आवाज आता शेजारच्या खोलीतून आल्यासारखा यायचा, ओरडायचं कारणच उरलं नव्हतं. माझ्या टेस्ट डेस्कवरही नवीन यंत्र आलं, त्याला काटा नव्हता. आकडे दाखवायचं. त्यात उडी मारण्याची मजा नव्हती.

अशाच एका दुपारी बोर्डावरची नवी मुलगी अक्काकडं आली. म्हणाली, एक म्हातारे गृहस्थ मुंबईचा ट्रंक मागताहेत. मी त्यांना सांगितलं की तुमच्याकडं एसटीडी आहे, स्वतः फिरवा. ते म्हणतात, तुझ्या मोठ्या बाईंना बोलाव.

अक्कानं हेडफोन कानाला लावला. आवाज तिनं ओळखलाच असणार. मला तर तो दोन टेबलं सोडून बसल्या जागी ऐकू आला. ती म्हणाली, "एसटीडी आहे की तुमच्याकडं, अण्णा. बिघडलीय का?"

"नाही की. बरी आहे." मागं माग चालू नव्हते, ते त्यांनी बंद करायला लावले असणार. "पण त्यात खिडकी लावा म्हणून सांगायला कोण नसतंय."

अक्कानं मुंबई मागितली, मुंबई आली. किल्लीवर हात ठेवून ती म्हणाली, "लावा, अण्णा." आणि कडीचा आवाज येईपर्यंत थांबली.